खिडकीकडे पाठ

“अक्का, तू दिसतच नाहीस.”

अंबिका जिन्याखालून ओरडली. मी माडीवरच्या खोलीत तिच्या लॅपटॉपसमोर ताठ बसले होते आणि ती खाली स्वयंपाकघरात आईच्या मोबाइलवर मला बघत होती. माझ्या मुलाखतीची तालीम चालली होती.

“आवाज येतोय ना?” मी विचारलं.

“आवाज येतोय की. पण तू नाहीस. खिडकी दिसतेय आणि तिच्यात काहीतरी काळं बसलंय. भुतासारखं.”

“मग बरोबर आहे.”

“काय बरोबर आहे?” म्हणत ती धडधड जिना चढून वर आली.

टेबल मी सकाळीच फिरवून घेतलं होतं. माझी पाठ खिडकीकडे, तोंड आतल्या भिंतीकडे. दिवाळी नुकतीच झाली होती, बाहेर लख्ख ऊन होतं. तो सगळा उजेड माझ्या मागून थेट कॅमेऱ्यात शिरत होता आणि माझा चेहरा अंधारात जात होता.

“उलटी बस,” अंबिका म्हणाली. “तोंडावर उजेड पाहिजे. आमच्या कॉलेजात सगळ्यात आधी हेच शिकवलं.”

“मला माहीत आहे.”

“मग?”

“मग काय. मी अशीच बसणार आहे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती खाली निघून गेली.

मला कोड आहे. शाळेत असताना एका उन्हाळ्यात ओठाच्या कोपऱ्याशी ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका आला. आईला वाटलं, पोटात जंत झाले असतील. ठिपका वाढत गेला. पुढच्या काही वर्षांत दोन्ही डोळ्यांभोवती, हनुवटीवर, गळ्यावर आणि हातांच्या बोटांवर पांढरे पट्टे आले. मिरजेचे डॉक्टर झाले, सांगलीचे वैद्य झाले, कुणी सांगितलेला लेप झाला. दुखत काहीच नव्हतं. पण बसमध्ये माझ्या शेजारची बाई हळूच पदर आवरून घ्यायची, हळदीकुंकवाला बोट माझ्या कपाळापाशी येऊन क्षणभर थबकायचं. मी शेतकी कॉलेजात गेले तर तिथं मुलांनी माझं नाव ‘भुरी’ ठेवलं. भुरी म्हणजे द्राक्षावरचा रोग. पानावर, मण्यावर राख उडाल्यासारखे पांढरे डाग पडतात. नाव इतकं चपखल होतं की ठेवणाऱ्याचा अभ्यास चांगला असणार.

तासगावात तेव्हा मुली उन्हासाठी चेहऱ्याला स्कार्फ बांधायच्या. मी सावलीतही बांधायची. नंतर साथ आली आणि सगळं जग मास्क लावून फिरू लागलं. लोक वैतागले होते, पण खरं सांगते, मला त्या दिवसांत पहिल्यांदा बाजारातून निवांत चालता आलं.

त्याच सुमाराला मी पुण्यातल्या एका कंपनीची जाहिरात पाहिली. ही कंपनी द्राक्षबागायतदारांना सल्ला द्यायची. शेतकऱ्यानं संपर्क साधायचा, तिथं बसलेल्या कृषी पदवीधरानं रोग ओळखून उपाय सांगायचा. दोन विभाग होते. एक नुसत्या फोनचा, एक व्हिडिओचा. मी अर्थातच फोनच्या विभागासाठी अर्ज केला. आवाज माझा चांगला होता, द्राक्षातलं मला कळत होतं आणि फोनवर कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही. पहिली चाचणी लेखी झाली, दुसरी फोनवर. दोन्हींत निवड झाली. मग निरोप आला, शेवटची मुलाखत व्हिडिओवर, बुधवारी दुपारी.

मास्क लावून घराबाहेर कुठंही जाता येत होतं. पण स्वतःच्याच घरात एकटीनं बसून मास्क कसा लावणार?

आईनं ऐकल्या ऐकल्या पर्स उचलली आणि ओळखीच्या पार्लरवालीकडून डाग झाकायची क्रीम घेऊन आली.

“अर्ध्या-पाऊण तासाचा तर प्रश्न आहे, लीला,” ती म्हणाली. “एकदा नोकरी लागली की मग काय तुला कोण काढतंय.”

तिनं स्वतःच्या हातानं माझ्या तोंडाला क्रीम लावली. तिची बोटं फार हलकी होती. इतकी वर्षं तीच मला मलमं लावत आली होती. झाल्यावर मी आरशात पाहिलं. डाग गेले होते, पण त्यांच्याबरोबर मीही गेले होते. गिलावा केलेल्या भिंतीसारखा चेहरा. हसले तर ओठांच्या कडेला भेग पडली.

“छान दिसतंय,” आई म्हणाली. मग माझी बोटं तिला दिसली. ती क्रीम पुन्हा उघडायला लागली.

“आई, किती लावशील?”

“हात टेबलाखाली ठेव.”

“पान दाखवा, फांदी दाखवा म्हणाले तर?”

मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. आई दारात उभी राहून बघत होती, पण रागावली नाही. त्यानंतर मला खिडकीची युक्ती सुचली. मी रंग लावणार नव्हते, खोटं बोलणार नव्हते. फक्त उजेडाला पाठ करून बसणार होते. विचारलंच तर म्हणणार होते, आमच्याकडचा कॅमेरा तसलाच आहे.

मंगळवारी दुपारी अंबिकानं पुन्हा तालीम घेतली. या वेळी खाली गेली नाही. पलंगावर मांडी घालून माझ्यासमोरच बसली.

अंबिका माझ्याहून तीन वर्षांनी लहान. संगणकाची पदवी नुकतीच झाली होती आणि घरात तिच्या लग्नाचं चाललं होतं. माझ्या लग्नाचं कुणी बोलत नव्हतं. आदल्या वर्षी जतच्या एका घरातून तिला स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, घर चांगलं. पाहुणे दोनदा येऊन गेले. पहिल्या वेळी मी मावशीकडं होते. दुसऱ्या वेळी ते न कळवता आले आणि मी चहाचा ट्रे घेऊन समोर गेले. नंतर आठवड्याभरात ते स्थळ मोडलं. का मोडलं ते घरात कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

“तुमचं नाव?” अंबिकानं आवाज घोगरा करून विचारलं.

“शिवलीला महादेव मगदूम.”

“वडील काय करतात?”

“फवारणीचे पंप दुरुस्त करतात. तासगावात आमचं दुकान आहे.”

“छान. ही नोकरी तुम्हाला का हवी आहे?”

“मला शेतकऱ्यांची सेवा करायची आहे. माझ्या शिक्षणाचा उपयोग—”

“खोटं.”

“काय?”

“पाठ केल्यासारखं वाटतंय. परत सांग. का हवी आहे?”

“मला द्राक्ष या पिकाची आवड आहे आणि—”

“परत.”

“अंबे, असं विचारत नसतात.”

“विचारतात. का हवी आहे नोकरी?”

“स्वतःच्या पायावर उभं राहायला.”

“ते तासगावातही राहता येतं. आप्पांच्या ओळखीनं शेतीच्या औषधांच्या दुकानात बसता आलं असतं तुला. मागच्या वर्षी विचारलं होतं त्यांनी. पुणंच का?”

“कारण मला इथून जायचंय!” मी ओरडले. “मी इथं नसले म्हणजे तुझं तरी जमेल. झालं समाधान?”

खाली दुकानात आप्पा कुठला तरी पंप सुरू करून बघत होते. त्याचा फर्रर्र आवाज आला आणि थांबला.

अंबिका पलंगावरून उतरली. मला वाटलं, जवळ घेईल, रडेल. तिचा चेहरा मात्र संतापानं लाल झाला होता.

“माझ्यासाठी चाललीस तू?”

“जतचं काय झालं ते मला कळत नाही असं वाटतं का तुला?”

“नाही कळत. तुला काहीच कळत नाही.” ती दारापाशी गेली, आई जिन्यात नाही ना ते बघितलं आणि दार लोटून परत आली. “जतचं त्यांनी मोडलेलं नाही. मी मोडलंय.”

“तू?”

“त्या मुलानं मला फोन केला होता. चांगला बोलत होता, सगळं ठरल्यासारखं. मग म्हणाला, एकच गोष्ट आहे, राग मानू नका. आमच्या घरचे म्हणतात, लग्नात तुमच्या ताईंनी मांडवात पुढं पुढं करू नये. फोटोबिटोत नकोत. जमलं तर त्या दिवशी आल्याच नाहीत तर बरं.”

मी खुर्चीतून उठले.

“मी म्हटलं, ठीक आहे. मग मीपण येत नाही.” अंबिकानं नाक पुसलं. “आणि फोन ठेवून दिला. आप्पांना त्याच संध्याकाळी सांगितलं. आप्पा म्हणाले, बरं केलंस. आईला नको सांगू, तिला लागेल. तुलाही नको सांगू म्हणाले.”

“वर्ष झालं याला.”

“हां.”

“आणि वर्षभर मला वाटतंय की माझ्यामुळं—”

“मला काय माहीत तुला तसं वाटतंय! तू बोलतेस का कधी? तोंडाला फडकं बांधतेस नि गप्प बसतेस.” ती परत पलंगावर बसली. “पुण्याला जा. जरूर जा. पण माझ्या नावावर जाऊ नको. तुला पाहिजे असेल तर जा.”

मी खिडकीजवळ जाऊन उभी राहिले. त्या दिवशी मला राग आला होता, हसू येत होतं आणि छातीवरून काहीतरी जड उचलून कुणीतरी बाजूला ठेवल्यासारखं वाटत होतं, सगळं एकदम. पण टेबल मी फिरवलं नाही. मोकळं वाटणं वेगळं आणि परक्या माणसांसमोर उजेडात बसणं वेगळं.

बुधवारी सकाळपासून घरात लग्नघरासारखी धांदल. आई शेजारच्या कोष्टींच्या पिठाच्या गिरणीत जाऊन दुपारी गिरणी बंद ठेवायचं वचन घेऊन आली. कुकरची शिटी होऊ नये म्हणून तिनं दहालाच सगळा स्वयंपाक उरकला. आप्पांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि स्टूल घेऊन बाहेर बसले, गिऱ्हाइकांनी पंप सुरू करून आवाज करू नये म्हणून. अंबिका तिचा मोबाइल घेऊन माझ्या टेबलाशेजारी फरशीवर बसली, म्हणजे घरचं इंटरनेट गेलं तर लगेच दुसरं जोडता यावं. मला अबोली रंगाचा कुर्ता तिनंच काढून दिला. अंधारात बसणाऱ्या बाईला रंग कुठला का असेना, पण मी घातला.

वेळ झाली. पडद्यावर दोन चौकटी उघडल्या. एकीत पांढऱ्या केसांचे डॉक्टर गुंजाळ, द्राक्षरोगांचे तज्ज्ञ. दुसरीत चाळिशीच्या तांबवेकर मॅडम. तिसऱ्या चौकटीत मी, म्हणजे खिडकी आणि एक काळी आकृती.

“नमस्कार, शिवलीला. तुमच्याकडं उजेडाचा काही घोटाळा आहे का?” मॅडमनी विचारलं.

“कॅमेरा जरा जुना आहे, मॅडम.”

लॅपटॉप नवाकोरा होता. फरशीवरून अंबिकानं माझ्या पायाला चिमटा काढला.

“असू दे. आवाज स्पष्ट आहे,” डॉक्टर म्हणाले आणि प्रश्न सुरू झाले. छाटणी कधी, पाणी किती, पाऊस झाला तर दुसऱ्या दिवशी बागेत आधी काय बघाल. मला सगळं येत होतं. माझा आवाज स्थिर होत गेला. मला वाटलं, निभावलं. असंच पाऊण तास काढायचा.

मग मॅडम म्हणाल्या, “आता एक छोटी परीक्षा. निफाडचे आमचे एक बागायतदार आहेत, पोपटराव. त्यांच्या बागेत खरोखरची अडचण आहे. त्यांना जोडून देते. तुम्ही बोला, आम्ही फक्त ऐकतो.”

चौथी चौकट उघडली. आधी आभाळ दिसलं, मग वेलींची पानं, मग टोपी घातलेला एक रापलेला, पन्नाशीचा चेहरा, पडद्याला नाक लागेल इतका जवळ.

“हॅलो? कोण बोलतंय?”

“नमस्कार, काका. मी शिवलीला मगदूम. सांगा, काय झालंय बागेला?”

“हॅलो? अहो ताई, तुम्ही दिसंनात.”

“आवाज येतोय ना, काका?”

“आवाज येतोय, पण मी बोलू कोणाशी? काळं काळंच दिसतंय. समोर माणूस दिसला म्हंजी बोलाया बरं पडतं. नाहीतर ही गोष्ट आम्ही फोनवर करतोच की.” त्यांचा सूर रागाचा नव्हता. बागेत उभे राहून ते खरंच डोळे बारीक करून मला शोधत होते. “तुमच्याकडं लाईट गेलीय का?”

लाईट गेलीय असं मी म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. मी खाली पाहिलं. अंबिका वर बघत होती, पण या वेळी तिनं चिमटा काढला नाही. काही खुणावलंही नाही.

“नाही काका,” मी म्हटलं. “लाईट आहे. मीच उलटी बसलेय. एक मिनिट थांबा.”

मी लॅपटॉप उचलून अंबिकाच्या हातात दिला आणि टेबल ओढायला लागले. टेबलाचा पाय फरशीवर करकरला. अंबिका लॅपटॉप पोटाशी धरून माझ्या मागं मागं फिरत होती आणि पुण्यातल्या दोन माणसांना आणि निफाडच्या एका माणसाला त्या वेळात आमच्या खोलीचं छत, पंखा आणि अंबिकाची हनुवटी दिसली असणार. मग टेबल खिडकीला टेकलं, लॅपटॉप त्यावर आला आणि मी खुर्चीत बसले.

नोव्हेंबरचं ऊन सरळ माझ्या तोंडावर आलं. पडद्यावरच्या माझ्या चौकटीत मी होते. डोळ्यांभोवती, ओठांभोवती, हनुवटीवर, सगळं स्पष्ट. स्वतःला इतकं ठळक मीही कधी पाहिलं नव्हतं.

एक श्वास, दोन श्वास.

“हां! आता कसं,” पोपटराव म्हणाले. “आता बघा ताई, ही पानं. भुरी आलीय. आठ दिवस झाले गंधक मारतोय, हटायला तयार नाही.”

त्यांनी एक पान कॅमेऱ्यासमोर धरलं. पांढरी बुरशी होती खरी. तो शब्द ऐकून माझे कान तापले, पण पान समोर होतं आणि माणूस थांबला होता.

“काका, ही पानाची वरची बाजू की खालची?”

“खालची.”

“उलटं करून वरची दाखवा. थोडं लांब धरा. हां, आता उन्हात.”

वरच्या बाजूला पिवळट, तेल सांडल्यासारखे डाग होते.

“आता खालचं पांढरं बोटानं पुसून बघा. पिठासारखं हाताला लागतंय का?”

त्यांनी पुसलं. “नाही बा. कापसावाणी चिकटून बसलंय.”

“मग ही भुरी नाही, काका. भुरी पानाच्या वरच्या अंगालाही दिसते आणि राखेसारखी पुसली जाते. हा केवड्याचा रोग आहे. तुमच्याकडं मागच्या आठवड्यात पाऊस झाला का? आणि सकाळी दव पडतंय?”

“झाला की. दव तर धो धो.”

“गंधक भुरीवर चालतं, केवड्यावर नाही. म्हणून हटत नाही. आज दाटी झालेल्या फुटी काढा, वारा खेळू द्या. औषध कुठलं आणि किती ते आता सांगते, पण आधी मला घड बघू द्या, तिथवर गेलाय का तो.”

ते वेलींखाली वाकून चालत राहिले. मी पडद्यावर पुढं वाकून बघत राहिले. ‘भुरी’ हा शब्द मी किती वेळा उच्चारला ते नंतर अंबिकानं सांगितलं. बोलताना मला त्याची आठवणही नव्हती. घड चांगले होते. वेळेत कळलं होतं.

शेवटी पोपटराव टोपी मागं सारून म्हणाले, “ताई, एक विचारू का? राग नाही ना येणार?”

आला तो प्रश्न.

“विचारा,” मी म्हटलं.

“तुम्ही तासगावच्या, असं मॅडम म्हणत होत्या. तुमच्याकडला बेदाणा एवढा हिरवागार कसा काय राहतो? आमचा पार काळा पडतो.”

मला हसू आवरलं नाही. डॉक्टर गुंजाळही हसले. मी पोपटरावांना सावलीत, शेडखाली सुकवायचं सांगितलं आणि ते आभार मानून गेले.

मग मॅडमनी कागद बाजूला ठेवला. “शिवलीला, एक विचारते. तुम्ही फोनच्या विभागासाठी अर्ज केलाय. का?”

आता लपवायला काही उरलं नव्हतं. “मला कोड आहे, मॅडम. मला वाटलं, शेतकरी माझ्याकडं बघत बसतील आणि पानाचं राहील.”

“काही जण बघतीलच. काही विचारतील. तेव्हा काय सांगाल?”

हे उत्तर मी पाठ केलेलं नव्हतं. “सांगीन की हे कोड आहे, दुखत नाही, कुणाला लागत नाही. आता पान उलटं करा.”

मॅडमनी मान हलवून काहीतरी लिहून घेतलं. “कळवू आम्ही,” त्या म्हणाल्या. पडदा रिकामा झाला.

खिडकी आता माझ्यासमोर होती. खाली आप्पा स्टुलावर बसले होते आणि सायकलवरून आलेल्या कुणाला तरी हळू आवाजात सांगत होते, “आत्ता नको. वर थोरलीची मुलाखत चाललीय. पुण्याची कंपनी आहे.” तो माणूस पंप खांद्यावर घेऊन शहाण्यासारखा तिथंच थांबला होता.

“आप्पा, झाली!” अंबिका खिडकीतून ओरडली. “सुरू करा पंप!”

आई दाराबाहेर जिन्यावरच बसली होती. कधीपासून, कुणास ठाऊक. आत आली तेव्हा तिनं आधी टेबलाकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग माझ्या तोंडावर पडलेल्या उन्हाकडे.

“दिसलीस तू त्यांना?”

“दिसले.”

“आणि? काही बोलले?”

“विचारलं. मी सांगितलं.”

“मग?”

“मग काही नाही. झालं.”

“एवढंच?”

“एवढंच, आई.”

ती पलंगाच्या कडेवर बसली. इतकी वर्षं ज्याची भीती बाळगली ते एवढ्याशा दोन वाक्यांत संपलं हे तिला खरं वाटत नसावं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “मला भूक लागलीय गं.” सकाळपासून तिच्या पोटात काही गेलं नव्हतं. आम्ही चौघांनी त्या दिवशी उन्हं कलताना जेवण केलं, गार भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. तसं जेवण मी त्यानंतर पुण्यात कितीदा करून पाहिलं. चव लागत नाही.

पुढच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. नोकरी मिळाली होती. पण फोनच्या विभागात नाही.

“व्हिडिओला बसाल का?” त्यांनी विचारलं. “पोपटरावांनी दोनदा फोन करून तुमचं नाव विचारलं. आणि डॉक्टर म्हणाले, पान उलटं करायला लावणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात. बाकीच्या उमेदवारांनी भुरी मान्य करून टाकली.”

मी हो म्हटलं. या वेळी कुणासाठी म्हणून नाही.

रुजू होण्याआधी ओळखपत्रासाठी फोटो पाठवायचा होता. मी आणि आई बाजारपेठेतल्या स्टुडिओत गेलो. दारातच मी स्कार्फ सोडला. फोटोवाल्यानं दिवे लावले, हनुवटी वर करायला सांगितली, दोन फोटो काढले आणि संगणकापाशी जाऊन बसला. मी आणि आई त्याच्या मागं उभ्या राहिलो. पडद्यावर माझा चेहरा मोठा होऊन आला.

“हे डाग काढून टाकतो,” तो सहज म्हणाला. माऊस माझ्या ओठांच्या कोपऱ्यापर्यंत पोचलाही होता. “पाच मिनिटांचं काम आहे. कळणारसुद्धा नाही.”

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “नको.”

“अहो मावशी, सगळ्यांचेच काढतो आम्ही. कुणाचे मुरूम, कुणाचे व्रण. जादा काही घेत नाही.”

“सगळ्यांचे काढा. हिचे नको. ही तिथं रोज लोकांसमोर बसणार आहे. फोटोत एक आणि खुर्चीत दुसरीच, असं झालं तर दारातनं आत घेतील का तिला?”

फोटोवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. त्यानं माऊसवरचा हात काढून घेतला.

“बरं. प्रती किती देऊ?”

“आठ,” आई म्हणाली.

“आई, कंपनीला दोनच लागतात.”

“दोन कंपनीला दे की,” ती पर्स उघडत म्हणाली. “बाकीचे मला पाहिजेत.”